आवतणाला ओ

लांबच्या पायपिटीत माणूस शेवटच्या दिवशी सगळ्यात बेसावध असतो, असं माझं मत आहे. पाय डोंगरात असतात, पण डोकं कधीच एसटीत खिडकीजवळ जाऊन बसलेलं असतं. त्या दिवशीही सकाळपासून आम्ही दोघी एकाच गोष्टीवर भांडत होतो. घरी गेल्यावर आधी गरम पाण्यानं न्हायचं, की आधी पोटभर जेवायचं? मैत्रीण न्हाण्याच्या बाजूनं होती. मी जेवणाच्या. मी तेव्हाही खादाड होते, आताही आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवायचे आणि मैत्रीण सांगलीला दवाखान्यात नर्स होती. कॉलेजातली ओळख, नंतर पत्रांवर टिकलेली. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवलं, की शिरवळला नीरेच्या पुलावरून निघायचं आणि होईल तितका डांबरी रस्ता टाळत, डोंगराडोंगरानं सातारा जिल्हा वरून खालपर्यंत चालून शिराळ्याला उतरायचं. नकाशावर बोट फिरवलं तेव्हा ते फार सोपं दिसलं. भूगोलाच्या बाईंना नकाशात काटे टोचत नाहीत. प्रत्यक्षात खंडाळ्याच्या माळावरच माझ्या बुटांनी मला रडवलं, आणि कोयनेचं पाणी मागं टाकून पाटणच्या सड्यांवर, त्या माथ्यावरच्या उघड्या पठारांवर, पोचेपर्यंत आम्ही दोघी ओळखू येणार नाही इतक्या काळ्या पडलो होतो.

वाटेत प्रत्येक वस्तीवर एकच प्रश्न. "बरोबर कुनी बाप्यामानूस न्हाई?"

मैत्रीण लगेच म्हणायची, "हाय की. दमला बिचारा. मागनं येतोय." आणि लोक खरोखर मागं बघायचे.

तिच्याबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण पुढं ते कामाचं आहे. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून देव, भूत, नवस, उतारा हे सगळं त्यांच्या घरातून एकदमच हद्दपार झालं. शिवाय तिनं रात्रपाळ्या काढलेल्या, मेलेल्या माणसांचे डोळे आपल्या हातानं मिटलेले. असल्या गोष्टींची तिला भीती नव्हती आणि असल्या गोष्टींची थट्टाही ती कधी करायची नाही. मी करायचे. मी माझ्या आजोळच्या भुतांच्या गोष्टी तिला रंगवून सांगायचे आणि ती म्हणायची, "बाई, झोप आता. तुझ्या भुताला सकाळी तपासू."

शेवटच्या मुक्कामाला आम्ही पठारावरच्या धनगरवाड्यात होतो. सकाळी तिथल्या बाईनं दुधाचा चहा दिला आणि वाट दाखवली. "ही सोंड धरून उतरा. खाली जुनी वाडी लागंल. गाव हाय, पर मानसं न्हाईत. वड्याच्या कडंनं गेलं की सडक."

गाव हाय पर माणसं न्हाईत, याचा अर्थ आम्हाला माहीत होता. त्या भागात धरण झालं, मग अभयारण्य झालं, आणि एकेक वाडी उठवून खाली सपाटीला वसवली. अशा दोन-तीन उठलेल्या वाड्या आम्ही आदल्या दिवसांत पाहिल्या होत्या. लोक जाताना दारं, चौकटी, कौलं, वासे सगळं घेऊन जातात. मागं राहतात ती जोती आणि पडक्या भिंती. जोत्यावर गवत वाढतं, कुठं फुटकं जातं असतं, कुठं तुळस आपली आपण जगलेली असते. वाईट वाटतं, पण दहा मिनिटांत आपण पुढं जातो.

आम्ही डोंगराच्या सोंडेवरून उतरायला लागलो आणि खालून धुकं वर आलं. कार्तिकातलं धुकं ऊन चढलं की जातं, म्हणून आम्ही काळजी केली नाही. ते गेलं नाही. उतरत उतरत आम्ही वाडीच्या वरच्या आळीत शिरलो तेव्हा चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पहिलं जोतं मला पायानंच कळलं. मी त्यावर हात टेकला आणि हात ओला झाला.

शेण. ताजं सारवलेलं. बोटांचे अर्धगोल फराटे अजून उठून दिसत होते.

मैत्रीण म्हणाली, "कुणीतरी राहतंय."

कुणी राहत नव्हतं. छप्पर नव्हतं, भिंती कमरेइतक्या उरलेल्या. पण जोतं एखाद्या सणाच्या घरासारखं सारवलेलं. उंबरा केव्हाच काढून नेलेला होता, आणि उंबऱ्याच्या रिकाम्या जागी मातीवरच हळदीकुंकू वाहिलेलं होतं. आम्ही पुढच्या जोत्याकडे गेलो. तेही सारवलेलं. त्याच्या पुढचंही. सगळी आळी सारवून, हळदीकुंकू वाहून तयार होती, आणि एक चिटपाखरू नव्हतं. कोंबडं नाही, कुत्रं नाही. आतापर्यंत ज्या उठलेल्या वाड्या पाहिल्या त्या मेलेल्या होत्या. ही कुणाची तरी वाट बघत होती.

खाली, बहुतेक ओढ्याच्या अंगाला, ठकठक असा आवाज येत होता. लाकूड फोडल्याचा. मला हायसं वाटलं. मी तोंडाभोवती हात धरून हाळी दिली, "ओऽ कुणी आहे काऽ?"

ठकठक थांबली. उत्तर आलं नाही.

मैत्रिणीनं हाळी दिली. तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत. काही नाही. पण खाली माणसं आहेत, त्यांनी ऐकलंय, आणि ती श्वास धरून उभी आहेत, हे मला अगदी कातडीला कळलं. साप जवळ असला की कळतं तसं.

"माकडं असतील," ती म्हणाली.

"माकडं सारवतात होय?"

ती हसली नाही. मीही नाही.

खरं तर तिथून तडक चालू लागायला हवं होतं. पण माझ्या टाचेचा फोड फुटला होता आणि बुटात रक्त लागत होतं. आळीच्या टोकाला एक घर होतं, जरा मोठं, मागच्या बाजूला बांधीव विहीर. मी त्या जोत्याच्या कडेला बसले. सारवणावर पाय ठेवायची हिंमत झाली नाही म्हणून बाहेर, पडक्या भिंतीला पाठ लावून बसले आणि बूट काढला. मैत्रीण पाण्याची बाटली घेऊन विहिरीकडे गेली. घराला वळसा घालून ती मागं गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

तेवढ्यात हाक आली.

पुरुषाचा आवाज, खालच्या आळीतून. लांब, सुरात. "घरधनीऽ, जेवाया चला वोऽ. लहानथोर समदी चला वोऽ. पानं मांडल्यात..."

मी ओळखलं. ते आवतण होतं. माझ्या आजोळी जत्रेला असंच आवतण फिरायचं. गावजेवणाला कुणी आपण होऊन जात नाही. दारात येऊन हाक पडली पाहिजे, आणि घरातून कुणीतरी ओ दिली पाहिजे. ओ आली की त्या घराचं पान मांडतात. नाही आली की घरात कुणी नाही असं समजून पुढं जातात. लहानपणी मी आणि माझी मामेभावंडं ओ कोण आधी देतो म्हणून दारात टपून बसायचो.

पण इथं दार नव्हतं. हाक पडायची, मग अगदी गप्प. चांगलं दोन-चार श्वास गप्प. मग पावलं वाजायची, आणि तीच हाक थोडी जवळून. एकेका मोकळ्या जोत्यासमोर थांबून तो माणूस जेवायला बोलावत होता, उत्तराची वाट बघत होता आणि पुढं येत होता.  बूट हातात तसाच. उठावं, ओरडावं, काही सुचेना. आणि खोटं कशाला सांगू, इतकी घाबरलेली असतानाही 'जेवाया चला' ऐकून पोटात खड्डा पडला होता.

पावलं आमच्या घरासमोर आली. एका माणसाची नव्हती, चार-पाच जणांची होती. ती थांबली.

"हिरीवरच्या घरचं घरधनीऽ, जेवाया चला वोऽ. लहानथोर समदी चला वोऽ..."

आणि माझ्या पाठीमागून, भिंतीपलीकडून, ओ आली.

"ओ."

बाईचा आवाज. मोठा नाही. घाईचा नाही. आत काहीतरी काम करताना हाकेला द्यावी तशी साधी ओ.

बाहेर भांडं पडल्याचा खणखणाट झाला. मग एक बाई अशी किंचाळली, की मी आयुष्यात तसं कधी ऐकलं नव्हतं. माझ्या मनात एकच विचार आला: ही मैत्रीण विहिरीवरून येऊन ओ कशाला देतेय? थट्टेचं वेड मला, आणि आज हिला सुचलं होय!

मी एका पायात बूट घालून लंगडत पुढं गेले. समोर एक पंच्याचं मुंडासं बांधलेला म्हातारा होता, तो हाका देणारा. गावाचा गुरव, हे नंतर कळलं. त्याच्या पायाशी तांब्या लवंडलेला. मागं दोन माणसं, एक पांढऱ्या मिशांचा धिप्पाड गडी, आणि जमिनीवर बसलेली ती बाई. माझ्या आईच्या वयाची. मला बघून गुरव दोन पावलं मागं सरला. बाई मात्र माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या पायांकडे बघत होती. पाय सुलटे आहेत का, ते.

मैत्रीण घराच्या दुसऱ्या कडेनं आली, हातात भरलेली बाटली. तिचा चेहरा पांढराफटक.

धिप्पाड माणूस बाईला म्हणाला, "झालं? आली न्हवं ओ? आता तरी पटलं का? का आजून बी धरून बसनार?" हा तिचा नवरा. तो ओरडून बोलला नाही. थकलेल्या आवाजात बोलला, आणि ते जास्त वाईट होतं. धुक्यात त्याला आम्ही दिसलोच नसू, किंवा दिसूनही त्याच्या लेखी नव्हतो.

"दादा," गुरव म्हणाला, "जरा थांबा. ह्या बाया हाईत."

मग आम्हाला काय ते समजलं. तुकड्यातुकड्यांनी, गुरवाच्या तोंडून. वाडी उठल्यापासून वर्षातून एकदा ही माणसं वसाहतीतून वर येतात. सगळी जोती सारवतात, ओढ्याकाठच्या देवळापाशी रांधतात, आणि जेवायच्या आधी जुन्या गावाला आवतण देतात. मागं राहिलेल्यांना, म्हणजे गेलेल्यांना. "हितं आज कुनी कुनाच्या हाकंला ओ द्यायची न्हाई," गुरव म्हणाला. "तुमची हाळी आमी ऐकली. पर बोलायचं कसं?" जिवंत माणसानं गप्प राहायचं. आणि ज्या घरातून ओ येईल त्या घरातलं माणूस तिकडचं झालं, असा त्यांचा समज. आजवर कुठल्याच घरातून कधी ओ आली नव्हती. येईल असं कुणाला वाटतही नव्हतं.

विहिरीवरचं घर त्या नवरा-बायकोचं. त्यांची थोरली लेक एका बाजाराच्या दिवशी खाली गेली ती आलीच नाही. कुणाबरोबर गेली, का गेली, नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे कऱ्हाडच्या स्टँडवर दिसली. त्यानंतर लवकरच वाडी उठली. आता धाकट्याचं लग्न अडलं होतं. येणारे पाहुणे बहिणीचं विचारायचे आणि उठून जायचे. मेली म्हणून सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण मेली म्हणायचं तर तिचं दिवसकार्य करायला हवं, आणि आई करू देत नव्हती.

हे सगळं गुरवानं सांगितलं. बाई जमिनीवर बसूनच होती. तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते आमच्याकडे बघून.

"कुनी दिली ओ?"

मैत्रीण काही बोलेना. बाटली घट्ट धरून उभी. मला वाटलं, भीतीनं हिची वाचा बसलीय. चूक हिची, आणि निस्तरायची मी. तसंही आमच्यात बोलायचं काम नेहमी माझंच. मी म्हणाले, "मी दिली, मावशी. मला ठाऊक नव्हतं. भूक लागली होती. आमच्याकडं आवतणाला ओ देतात."

ती उठली. सरळ माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. सणसणीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याच हातानं तिनं माझा गाल चाचपला, कान, वेणी, खांदा, हाडं मोडतील असा दंड दाबून बघितला.

"पुन्ना दे," ती म्हणाली.

"काय?"

"ओ दे पुन्ना."

मी ओ दिली.  माझा आवाज मुळातच घोगरा, वर्गात ओरडून ओरडून बसलेला. तिनं मान खाली घालून ऐकलं. धुक्यात सगळे उभे. तिचा नवरा तिच्याकडे बघत होता, मी तिच्याकडे बघत होते. तिनं लगेच मान वर केली आणि मोठ्यानं, माझ्याकडे नव्हे तर त्याच्याकडे बघत म्हणाली, "व्हय. हीच. ह्योच आवाज. जित्या मानसाची ओ हाय ही. माज्या घरातनं कुनी ओ दिल्याली न्हाई."

 नवऱ्यानं खाली वाकून तांब्या उचलला आणि पंच्यानं पुसून गुरवाच्या हातात दिला.

आम्हाला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. सोडणं शक्यच नव्हतं, ओ दिलेली होती. ओढ्याकाठी पळसाच्या पत्रावळींची पंगत बसली. भात, घेवड्याची आमटी, गूळ घालून केलेली लापशी. मला विहिरीवरच्या घराच्या पानावर बसवलं. माझ्या शेजारी ती बाई, आणि पलीकडे मैत्रीण. बाई स्वतः जेवत नव्हती. माझ्या पानात वाढत होती आणि हळू आवाजात बोलत होती.

"तिला वसाहत ठावं न्हाई," ती म्हणाली. "ती गेली तवा आमी हितंच व्हतो. आली तर ती हितंच यील न्हवं? म्हनून मी येती. एकदा मेली म्हनून केलं, की ह्ये मला हितं आनायचं न्हाईत."

मी विचारलं, "आणि ती येऊन गेली असली तर?"

"तर सारवनावर पाय उठलं असतं," ती म्हणाली, आणि आणखी एक पळी आमटी वाढली.

 मी आयुष्यात पानात टाकलेलं नाही, पण त्या दिवशी मला ती लापशी संपवताना नाकी नऊ आले. मैत्रीण तर नुसती भात चिवडत होती.

निघताना ती आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. धुकं विरलं होतं, खाली सडक दिसत होती. तिनं माझी टाच बघितली, आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. मग माझा हात हातात धरून म्हणाली, "फुडच्या साली ये. दिवाळी झाल्याव. येशील न्हवं? आन आवतनाला तूच ओ दे."

मी हसून हो म्हणाले. जीव लागलाय बिचारीचा, असं मला वाटलं. मी इतकी शहाणी.

सडकेला लागेपर्यंत मी गप्प बसले. सडक लागली, पायाखाली डांबर आलं, आणि माझा राग उसळला. मी मैत्रिणीला धारेवर धरलं. काय गरज होती तोंड घालायची? थट्टा करायची तर माणूस बघून करावी. त्या बाईचा जीव गेला असता. थोबाडीत मी खाल्ली. वर मख्खपणे उभी राहिलीस, निदान पुढं होऊन कबूल तरी करायचंस. बरंच काही बोलले. शिकवायचं वळण, सुरू झालं की थांबत नाही.

ती रस्त्याच्या मधोमध थांबली.

"मी?" ती म्हणाली. "अगं, तू सांगितलंस ना, तू दिलीस म्हणून."

"ते मी तुला वाचवायला."

"मी विहिरीत वाकले होते. बाटली बुडवत. मी ऐकलं. मला वाटलं, तू घरात गेलीस." तिनं ओठ चाटले. "मला वाटलं, ही सारवणावर गेली, हिला काही वाटत नाही का. म्हणून मी बोलले नाही. तुझा राग आला होता मला."

 एक उसाची बैलगाडी गेली, गाडीवाल्यानं बरोबर कुणी बाप्यामाणूस नाही का असं विचारलं, आणि मैत्रिणीला उत्तर सुचलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती हसेल, म्हणेल, फसवलं की नाही. ती हसली नाही. असल्या गोष्टीची थट्टा ती करत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं.

"परत जाऊ या?" मी म्हणाले.

"जाऊन काय सांगणार?"

"खरं ते."

"कुणाला?" ती म्हणाली. "तिनं तुझ्याकडून पुन्हा ओ देऊन घेतली. तुझा असला घोगरा आवाज. माझ्या दवाखान्यात आया येतात, वॉर्डभर पोरं रडत असतात, दाराबाहेरून सांगतात आपलं कुठलं ते. तिला काय कळलं नसेल?"

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. भीतीनं किती आणि त्या बाईसाठी किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिनं भिंतीपलीकडची ओ ऐकली होती आणि लेकीची म्हणून ओळखली होती. मग माझी ऐकली. आणि क्षणाचाही वेळ न घेता सगळ्यांदेखत ठणकावून सांगितलं, हीच. तिला माझी ओ हवी होती ती का, आणि पुढच्या वर्षी तूच दे असं ती का म्हणाली, हे मला तिथं डांबरावर बसल्यावर कळलं. 

शिराळ्याला आम्हाला सांगलीची एसटी मिळाली. खिडकीजवळची जागा मिळाली. न्हाणं आधी की जेवण आधी, हा विषय परत कुणी काढला नाही.

वर्षभर मी स्वतःशी वाद घातला. दरीत आवाज फिरतात, मुलांना मीच शिकवते. धुक्यात तर लांबचं जवळ वाटतं. खालच्या बायकांपैकी कुणी आपसांत ओ दिली असेल. सगळं पटायचं, रात्री पटायचं नाही. मधूनच असंही वाटायचं, की ओ माझ्याच तोंडून गेली असेल. भूक होती, सवय होती, लहानपणापासूनची. मला तसं वाटायला आवडायचंही. पण तो आवाज घोगरा नव्हता.

दिवाळी झाली. मी मैत्रिणीला पत्र टाकलं, की मी चालले आहे. तिचं उलट टपाली उत्तर आलं, की तिनं रजा काढली आहे, भुताबितावर तिचा विश्वास नाही, पण मला एकटीला सोडायची तिची तयारी नाही. या वेळी आम्ही शिराळ्याकडून, सरळ वाटेनं चढलो. माणसांनी आम्हाला ओळखलं. नवऱ्यानं मान डोलावली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. लेकीचं त्यानं अजून केलं नव्हतं.

ती सारवत होती. मला बघून तिनं शेणानं भरलेले हात तसेच वर धरले आणि मनगटानं माझ्या गालाला स्पर्श केला, बरोबर त्याच गालाला. काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

त्या दिवशी ऊन होतं, लख्ख. मी भिंतीच्या आत, सारवणावर जाऊन उभी राहिले. मैत्रीण माझ्याजवळ, तिचं बोट माझ्या हातात. खालून आवतण चढत आलं. एकेक घर गप्प राहत गेलं. विहिरीवरच्या घरासमोर पावलं थांबली. गुरवामागं ती बाई उभी होती, डोळे मिटून, पदर मुठीत आवळून.

"हिरीवरच्या घरचं घरधनीऽ..."

हाक पुरी व्हायची मी वाट बघितली नाही. छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओ दिली, आणि श्वास संपला तरी दुसऱ्या श्वासानं देत राहिले. मागोमाग आणखी कुणी दिली असली, तर ती तिला ऐकू जायला नको होती.

गुरव पुढं गेला. तिनं डोळे उघडले, पदर सोडला आणि म्हणाली, "चल, पान मांडलंय."